कोल्हापुरात शिकायला आलात? कुठं जायचं त्याआधी कधी जायचं ते वाचा

दुपारी तीनला मिसळ शोधत निघालेला, सोमवारी टाऊन हॉलच्या बंद दारापुढं उभा राहिलेला आणि श्रावणात मटणाच्या पांढऱ्या रश्श्यासाठी मित्र गोळा करणारा विद्यार्थी पहिल्या सहामाहीत हमखास म्हणतो, ‘इथं काय नाहीच बघा.’ जागा त्याच असतात, वेळ चुकलेली असते. इथल्या जवळजवळ प्रत्येक मजेला ठरलेला तास, वार किंवा महिना आहे. म्हणून खालच्या प्रत्येक टप्प्यात आधी वेळ दिली आहे, मग रीत, मग फसगत कुठं होते ते.

जवळ काय ठेवायचं

- कॉलेजचं ओळखपत्र, बोनाफाईड दाखल्याच्या तीन प्रती, आधारची झेरॉक्स, पासपोर्ट आकाराचे सहा फोटो. केएमटीचा (शहर बससेवेचा) पास, वाचनालयाचं सभासदत्व, मेस, सगळीकडं यातलंच काहीतरी मागतात.
- सुटे पैसे. गाडीवाल्यांकडं क्यूआर कोड असतो, पण गर्दीच्या वेळी रेंज गेली की सुट्ट्यांवरच भागतं.
- झाकणाचा स्टीलचा डबा आणि एक काचेची बाटली. कशासाठी, ते पुढं येईल.
- जूनपासून सप्टेंबरपर्यंत रेनकोट. पन्हाळ्याच्या वाऱ्यात छत्री उलटी होते.

१. पहिला आठवडा: पेठा, तिकट्या आणि पाण्याची पातळी

पत्ता विचारलात की रस्त्याचं नाव क्वचितच ऐकू येईल. पेठ, वेस, तिकटी, नाहीतर तालीम सांगतात. तिकटी म्हणजे जिथं तीन वाटा मिळतात ती जागा: मिरजकर तिकटी, पापाची तिकटी. राजारामपुरीत मात्र गल्ल्यांना क्रमांक आहेत, त्यामुळं नवख्याला तोच भाग सोपा वाटतो आणि तो तिथंच अडकून पडतो. एका रविवारी सकाळी बिंदू चौकातून भवानी मंडप, महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेश आणि तिथून पंचगंगा घाट एवढं चालून घ्या. निम्मं जुनं शहर पायाखालून जातं.

बोलण्याचं म्हणाल तर रिक्षावाल्याला ‘मामा’, मेसवालीला ‘मावशी’ किंवा ‘काकी’ चालतं. वर्गातली मुलगी ‘मी आलो, मी जातो’ म्हणाली तर दचकू नका. इथं बायकाही स्वतःबद्दल तसंच बोलतात. ‘मर्दा’ म्हणून हाक आली तर ती आपुलकीची समजायची, भांडणाची नव्हे.

खोली अजून पक्की केली नसेल तर भाड्याच्या आधी एक प्रश्न विचारा: २०१९ ला आणि २०२१ ला महापुराचं पाणी कुठवर आलं होतं? व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची कुंभार गल्ली, दुधाळी, सुतारवाडा या बाजूला तळमजल्याची खोली स्वस्त मिळाली तर कारण तेच असू शकतं. जुलै-ऑगस्टमध्ये अख्खं शहर कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावरचे पंचगंगेच्या पाण्याचे फूट मोजत असतं. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. आकडा पेपरात रोज येतो. ३९ जवळ आला की चार दिवसांचं कोरडं खाणं आणि पिण्याचं पाणी खोलीवर भरून ठेवा, कारण महामार्ग पाण्याखाली गेला की दूध आणि पेट्रोल लगेच आटतं. ‘पाणी बघायला’ जाणं हा इथला जुना छंद आहे. जा, पण पोलिसांच्या दोरीच्या अलीकडूनच बघा. घाटाच्या पायऱ्यांवरचा गाळ साबणासारखा असतो.

२. मिसळ: सकाळी आठ ते अकरा

फडतरेंची मिसळ उद्यमनगरात, चोरगेंची महाद्वार रोडला, बावडा मिसळ कसबा बावड्यात, खासबागची खासबागेत. कोणती भारी, यावर वाद घालू नका. तो पेठेचा प्रश्न असतो.

मिसळ दोन भागांत येते. ताटलीत मटकीची उसळ, बटाट्याची भाजी, फरसाण किंवा चिवडा-शेव, कांदा, कोथिंबीर, लिंबू. वेगळ्या भांड्यात कट, म्हणजे तिखट रस्सा. सोबत पावाऐवजी ब्रेडचे जाड स्लाइस. पुण्या-मुंबईचा माणूस इथं पाव मागतो आणि लगेच ओळखू येतो.

कट एकदम सगळा ओतू नका. फरसाण दोन मिनिटांत लगदा होतं आणि खालची उसळ फिकीच राहते. थोडा कट घ्यायचा, एका कडेनं खात जायचं, संपला की ‘मामा, कट द्या’ म्हणायचं. कट पुन्हा मिळतो. ब्रेडचे आणि दह्याचे पैसे वेगळे पडू शकतात, आधी विचारून घ्या. आता रंगाचं. लाल तवंग तेलात उतरलेल्या तिखटाचा असतो आणि खरा जाळ त्यातच असतो. म्हणून कट वाढताना ‘वरचा नको, ढवळून द्या’ म्हणणारा मुरलेला असतो आणि ‘वरचाच द्या’ म्हणणारा त्याहून मुरलेला. तोंड भाजलं तर पाणी पिऊ नका. तिखटपणा तेलात विरघळतो, पाण्यानं तो तोंडभर पसरतो. दही किंवा ब्रेडचा कोरडा तुकडा चावा.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मिसळ खायची नाही. एवढं ऐका.

३. दूध कट्टा: संध्याकाळनंतर

गंगावेशीला म्हशी कट्ट्यावर आणून गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळ ग्लास हातात देतात. तालमीतल्या पोरांची ही जुनी सवय. बघण्यासारखं आहेच, पण धारोष्ण दूध म्हणजे न उकळलेलं दूध. त्यातून ब्रुसेलोसिससारखे आजार होऊ शकतात, आणि म्हशीच्या दुधाच्या स्निग्धतेची सवय नसलेलं पोट रात्रभर जागवतं. डबा घेऊन जा, समोर काढलेलं दूध घ्या आणि खोलीवर उकळून प्या. चव फारशी बिघडत नाही, साय मात्र बोटभर येते.

४. रंकाळा

दोन वेळा, दोन वेगळे रंकाळे. पहाटे साडेपाच ते सात चालणाऱ्यांचा, संध्याकाळी सहानंतर भेळवाल्यांचा. सकाळी शालिनी पॅलेसच्या बाजूनं सुरुवात करा, चालत संध्यामठापाशी या. तळ्याचं पाणी कमी असेल तर हा दगडी मठ बराच उघडा दिसतो, पावसाळ्यात बुडतो. संध्याकाळी चौपाटीवर ओली भेळ सांगितलीत तर तिथंच खा, बांधून घेतली की दहा मिनिटांत चिखल. खोलीवर न्यायची असेल तर सुकी भेळ किंवा भडंग.

चटपटीत खाण्याचा दुसरा अड्डा खासबागेजवळ आहे. राजाभाऊंची भेळ तिथलीच. लोण्याचा दावणगिरी डोसा शहरभर गाड्यांवर मिळतो. तवा नुकताच धुतलेला असेल तर पहिला डोसा दुसऱ्या कुणाला जाऊ द्या, तो चिकटतो.

५. फुकटातली किंवा स्वस्तातली दुपार

टाऊन हॉलचं वस्तुसंग्रहालय सोमवारी बंद. बाकी दिवशी दुपारी गेलात तर बहुधा तुम्ही आणि पहारेकरीच असता. तिथं ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्राँझ मूर्ती आहे. पंचगंगेच्या काठच्या टेकडीवर भूमध्य समुद्राचा देव निघतो, म्हणजे इथला व्यापार कुठवर पोचला होता याचा अंदाज येतो. मूर्ती वीतभराहूनही लहान आहे. मोठा पुतळा शोधत फिरणारे तिच्यासमोरून निघून जातात.

राजारामपुरी सातव्या गल्लीतलं चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय निवांत आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. सभासद होताना अनामत परत कधी आणि कशी मिळते ते पावतीवर बघून घ्या. शेवटच्या वर्षी गाव सोडताना पावती हरवलेली असते.

६. शाहू स्टेडियम: थंडी ते उन्हाळा, दुपारी

फुटबॉल बघितल्याशिवाय पेठा कळत नाहीत. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही तालमींची आणि मंडळांची नावं, आणि तेच संघ. तारखा स्थानिक पेपरच्या क्रीडा पानावर येतात.

पोचण्याची वेळ सामन्याच्या अर्धा तास आधी. सावलीची बाजू आधी भरते. बसण्यापूर्वी आजूबाजूला कुठल्या पेठेची पोरं आहेत ते बघा आणि गोल झाल्यावर ते ओरडले तरच ओरडा. दोन मोठ्या पेठांचा सामना असेल तर शेवटची शिट्टी वाजण्याच्या पाच मिनिटं आधी दाराकडं सरका. बाहेरची ढकलाढकली अधूनमधून वाढते आणि नवख्याला कुठल्या बाजूला पळायचं ते माहीत नसतं.

कुस्तीसाठी खासबाग मैदान. शाहू महाराजांच्या काळातलं हे मैदान १९१२ चं. खोलगट बांधणीमुळं मागच्या माणसालाही आखाडा दिसतो. मैदानाला लागून केशवराव भोसले नाट्यगृह. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याला आग लागली, तेव्हा गावातली कितीतरी माणसं रडली. कुठल्याही चहाच्या गाडीवर विषय काढा, अर्धा तास जातो.

७. रस्सा मंडळ: दहा जणांचा हिशोब

खानावळीतलं मटण ताट कधीतरी खा. तिथं रस्से पुन्हा वाढतात, मटणाच्या फोडी नाही; हे कळल्यावर पहिली वाटी पांढऱ्याची प्यायची, भाकरी तांबड्यात कुस्करायची आणि भात शेवटी. पण खरी मजा रस्सा मंडळात आहे. चार-दहा जणांनी वर्गणी काढायची, कुणाच्या तरी मळ्यात चूल मांडायची. वर्गात शेत असलेला एक जण असतोच. त्याच्या घरच्यांची परवानगी आधी घ्या, उसाच्या फडापासून चूल लांब मांडा, निघताना निखाऱ्यावर दोन घागरी पाणी. रंकाळ्याच्या काठावर चूल नको.

वार बघून ठरवा. श्रावण, गुरुवार, सोमवार, शनिवार कुणा ना कुणाला चालत नाही. जोतिबाचा म्हणून रविवार पाळणारेही आहेत. त्यातल्या त्यात बुधवार सुरक्षित.

सामान:

- मटण २ किलो, हाडासकट. सीना, चाप, थोडी नळी. बोनलेस आणलात तर रस्सा पाणचट.
- कांदे १ किलो, सुकं खोबरं २५० ग्रॅम, ओले नारळ २
- लसूण ४ गड्डे, आलं १०० ग्रॅम, कोथिंबीर १ जुडी
- तीळ ५० ग्रॅम, खसखस ५० ग्रॅम (महाग वाटली तर निम्मी खसखस आणि निम्मे काजू)
- कांदा-लसूण मसाला १०० ते १२० ग्रॅम. इथल्या घरांत यालाच चटणी म्हणतात.
- दालचिनी, लवंग, वेलची, मिरी मूठभर. हळद, मीठ, तेल ३०० मिली, तूप २ चमचे
- तांदूळ १ किलो, भाकरी २५ (जवळच्या घरी किंवा खानावळीत आदल्या दिवशी सांगून)

क्रम असा.

तेलात एक चिरलेला कांदा परता, मटण, हळद, थोडं आलं-लसूण आणि कमी मीठ घाला. पातेल्यावर खोलगट ताट ठेवून त्यात पाणी ओता. वरचं पाणी तापलं की तेच आत घालायचं. गार पाणी पडलं तर फोडी आखडतात आणि शिजायला वेळ खातात. तासाभरात मटण मऊ होतं. आता एकूण साडेचार-पाच लिटर अळणी, म्हणजे मटण शिजलेलं बिनतिखटाचं पाणी, तयार पाहिजे. मीठ कमी ठेवायचं कारण पुढं रस्सा आटतो.

पांढऱ्यासाठी खसखस आणि निम्मे तीळ (काजू घेतले असतील तर तेही) तासभर भिजवून गंधासारखे वाटा. तुपात खडा मसाला तडतडवा, आलं-लसूण, मग वाटण. वाटण लाल होऊ द्यायचं नाही, रंग तिथंच जातो. दोन लिटर अळणी ओता, उकळी आली की जाळ ओढून घ्या आणि मगच दोन नारळांचं दूध घाला. ढवळत राहा. इथंच सगळे फसतात. नारळाच्या दुधाला खळखळून उकळी आली की ते फुटतं, पाणी वेगळं आणि चोथा वेगळा. फुटलेला पांढरा जुळत नाही. तो तांबड्यात ओतायचा आणि गप्प बसायचं.

तांबड्यासाठी कांदे आणि खोबरं चुलीत भाजा, काळं साल झाडा, उरलेले तीळ, लसूण, आलं आणि कोथिंबिरीसकट वाटा. तेलात हे वाटण बाजूनं तेल सुटेपर्यंत परता, साधारण पंधरा-वीस मिनिटं. घाई केली तर कच्चा वास राहतो. चटणी शेवटच्या दोन मिनिटांत टाका, नाहीतर करपून कडू होते. त्यातलं निम्मं वाटण मटणाच्या फोडींना लावून सुकं करा, उरलेल्यात गरम अळणी ओता. गार ओतली तर वर तवंग येत नाही.

हिशोब लिहून ठेवणारा आणि स्वयंपाक करणारा हे दोन वेगळे गडी असावेत.

८. चप्पल: पावसाळा संपल्यावर

चप्पल लाइनीत संध्याकाळी जा. दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असतो, तेव्हाचं माप खरं. किंचित घट्ट घ्या, चामडं पंधरा दिवसांत सैल होतं. सैलच घेतलीत तर महिन्यानं फटक-फटक.

ओळखायचं कसं? कडेला चामड्याचे थर वेगळे दिसले पाहिजेत. शिलाई चामड्याच्या वादीची असते. वास चामड्याचा यायला हवा, रबराचा किंवा रंगाचा नव्हे. वाकवली की रेग्झिनवर पांढरी रेघ उमटते. २०१९ ला कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांना. त्यामुळं ‘ही अथणीची आहे’ असं दुकानदार म्हणाला तर ती नकली ठरत नाही. मानांकनाच्या गप्पा मारत रेग्झिन गळ्यात घालणाऱ्यापासूनच खरं जपायचं.

पहिला आठवडा रोज तासभर, तेही खोलीवर. आतल्या पट्ट्याला खोबरेल तेलाचं बोट फिरवा, फडक्यानं पुसा. चावली तर अंगठ्याला चिकटपट्टी, पण पाण्यात भिजवून मऊ करायला जाऊ नका. थर सुटतात, आणि चामडं वाळताना वाकडं होतं.

९. गुऱ्हाळ: नोव्हेंबर ते मार्च

शहराबाहेर पडलं की धुराडं दिसतं आणि वास आधी येतो. सकाळी जा. काहिलीत रस उकळत असतो, जळव्या चुलवाणात चिपाडं सारत असतो, गुळव्या चमच्यातला थेंब पाण्यात टाकून पाक बघत असतो. त्या घडीला त्याला प्रश्न विचारायचा नाही. अर्ध्या मिनिटानं काहिल उतरवायला उशीर झाला तर गूळ करपतो. काहिल वाफ्यात ओतल्यावर मग बोला, तो स्वतःहून गरम गूळ हातावर ठेवेल.

काचेची बाटली इथं लागते, काकवीसाठी. गरम काकवी प्लास्टिकमध्ये भरू नका आणि झाकण गार झाल्यावरच लावा. गूळ घेताना फार पिवळाधमक नको. तो रंग आणण्यासाठी बऱ्याचदा हायड्रॉस नावाचं रसायन वापरतात. तपकिरी रव्यातला (ढेपेतला) तुकडा मागा. पावसाळी हवेत त्याला पाणी सुटतं, म्हणून घट्ट डब्यात.

१०. तीन-तीन दिवसांचे योग

अंबाबाईच्या मंदिरातला किरणोत्सव वर्षातून दोनदा: ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. मंदिर पश्चिमाभिमुख असल्यानं मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यापर्यंत. सगळा खेळ सूर्यास्ताआधीच्या थोड्या मिनिटांचा. ढग, धुकं किंवा वाटेतल्या बांधकामामुळं किरणं अडतातही, म्हणून एकच दिवस धरून बसू नका. तासभर आधी आत शिरायला हवं आणि चप्पल नवी असेल तर त्या दिवशी जुनी घाला.

त्रिपुरी पौर्णिमेला पंचगंगा घाटावर पहाटे हजारो पणत्या लागतात. उजाडल्यावर गेलात तर काजळीच दिसेल, चारच्या आसपास पोचा. आणि रंग खेळायचा तो रंगपंचमीला. धुळवडीला रंग घेऊन बाहेर पडलेला विद्यार्थी इथं एकटाच रंगलेला फिरतो.

११. पन्हाळा: एका दिवसाचं गणित

मध्यवर्ती बस स्थानकावरून एसटी. अंतर वीसेक किलोमीटर. मुलींना एसटीत अर्धं तिकीट (१७ मार्च २०२३ पासून). विद्यार्थी पास मात्र घर ते कॉलेज एवढ्याच मार्गाचा असतो, तो पन्हाळ्याला दाखवून वाद घालू नका.

सकाळची पहिली गाडी धरा. आधी तीन दरवाजा, मग अंधारबाव, अंबरखाना, सज्जा कोठी. अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन धान्यकोठारं आहेत. आत टाळी वाजवून बघा, आवाज घुमतो. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज विशाळगडाकडं निसटले ते इथूनच. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत पन्हाळा आहे.

जुलै-ऑगस्टला धुकं इतकं उतरतं की दहा पावलांवरचा मित्र दिसत नाही. तेव्हा कड्याच्या बाजूला सेल्फी नको. वर झुणका-भाकरी आणि मडक्यातलं दही मिळतं. दही आधी सांगा, दुपारी दोननंतर बहुतेक संपलेलं असतं. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ चढतानाच्या कंडक्टरला विचारून घ्या. रविवारी ती भरून येते, म्हणून तिच्या आधीची धरायची.